अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं: लघवी कल्चर, पांढरं पाणी, गर्भपिशवीचं तोंड. नेमकं काय आणि कधी तपासायचं?

सीएचओ_दक्षिण (समुदाय आरोग्य अधिकारी) यांचा प्रश्न

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रासाठी गरोदर मातांची तपासणी-यादी नव्याने लिहायला घेतली आहे. ३७ आठवडे भरायच्या आत होणारी बाळंतपणं कमी व्हावीत, हा हेतू. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, एचआयव्ही-सिफिलिसचं किट, लघवीतलं अल्ब्युमिन आणि साखर बघायची पट्टी हे सगळं होतंच. अडतं ते पुढे.

९ तारखेच्या गरोदर मातांच्या शिबिरात लघवी कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवायचं ठरलं. नमुने सकाळी दहाला घेतले जातात आणि गाडी शहरात पोचेपर्यंत साडेतीन वाजतात. निम्म्याहून जास्त रिपोर्ट 'मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवा' असे येतात. त्यावर सल्ला असा मिळतो, की कल्चरच्या नादी लागू नका, लघवीत पस सेल (पूच्या पेशी) दिसले की अँटिबायोटिकचा कोर्स द्या. कुणी तर म्हणतं, सहाव्या महिन्यात सगळ्यांनाच एक अँटिबायोटिकचा कोर्स देऊन टाका, बिघडतं काय? मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते कागदावर मांडता येत नाही.

आणखी तीन गोष्टी. अंगावरून पांढरं जातं असं सांगणाऱ्या प्रत्येक बाईची तपासणी करायची का, आणि तिला पांढऱ्या पाण्यावरच्या औषधांचं हिरवं किट चालतं का? आधीचं बाळ सातव्यातच झालेली बाई पुन्हा पोटुशी राहिली, तर उपकेंद्राच्या पातळीवर काय करता येतं? आणि टॉर्च टेस्टचे (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा संसर्गांच्या एकत्र रक्ततपासणीचे) कागद घेऊन बायका येतात, त्यांचं काय करायचं?

---

प्लेटवाली (सूक्ष्मजीवशास्त्र, लॅब)

ताई, कल्चरला दोष देऊ नका, दोष त्या दहा ते साडेतीनचा आहे.

प्लेटवर काय चालतं ते सांगते. लघवी ०.००१ मिलीच्या लूपने प्लेटवर ओढतात, ३७ अंशांना १८ ते २४ तास ठेवतात आणि उगवलेल्या वसाहती मोजतात. शंभर वसाहती म्हणजे मिलीला एक लाख जंतू. एकाच जातीचे लाख किंवा त्याहून जास्त आले, की बाईला जळजळ होत नसली तरी लघवीत संसर्ग आहे असं धरतात. आता ई. कोलाय हा नेहमीचा जंतू, उबदार लघवीत रुळला की साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चौसष्ट. कातडीवरून डब्यात पडलेले दोन हजार जंतू तेवढ्यात सव्वा लाखाच्या वर जातात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो. तेव्हा जीपच्या मागच्या सीटवर ठेवलेली पिशवी म्हणजे फिरता इनक्युबेटरच. अशाने निरोगी बाई आजारी ठरते, किंवा तीन-चार जातींचं रान माजून 'मिश्र वाढ' येते. मिश्र वाढ म्हणजे नमुना खराब झाला. त्यावर औषध द्यायचं नसतं.

उपाय तीन. नमुना दोन तासांत प्लेटवर जायला हवा. ते जमत नसेल, तर घेतल्या घेतल्या ४ अंशांना ठेवा, म्हणजे २४ तास मिळतात. किंवा बोरिक अॅसिडचे डबे मागवा, त्यांत नमुना बाहेरच्या तापमानालाही दिवसभर टिकतो. मात्र त्या डब्यावर रेघ असते, तिथपर्यंत लघवी भरलीच पाहिजे. चमचाभरच असली तर पावडर जास्त होते, जंतू मरतात आणि रिपोर्ट 'वाढ नाही' असा खोटा येतो. चौथा उपाय बिनखर्ची आहे: कल्चरचा नमुना शिबिराच्या सुरुवातीला न घेता गाडी निघायच्या अर्धा तास आधी घ्या.

आता नमुना कसा घ्यायचा. निम्मी चूक इथेच होते. बाईने आधी हात धुवावेत, मग लघवीची जागा नुसत्या पाण्याने पुढून मागे धुवावी. डेटॉल-सॅव्हलॉन नको, ते डब्यात उतरलं तर जंतू मारतं. बोटांनी कड बाजूला धरून पहिली धार सोडून द्यायची, धार न थांबवता मधली २०-३० मिली डब्यात घ्यायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. झाकण जमिनीवर किंवा खिडकीत उपडं ठेवायचं नाही, हातातच धरायचं. पांढरं पाणी जास्त जात असेल तर योनीच्या तोंडाशी स्वच्छ कापसाचा बोळा धरायचा. औषधाची बाटली उकळून आणली तरी चालत नाही. आणि नमुना लवकर मिळावा म्हणून दोन तांबे पाणी पाजू नका, पातळ लघवीत आकडा खाली येतो.

पस सेलबद्दल. गरोदरपणात पांढऱ्या पाण्यातूनच पस सेल लघवीत मिसळतात, त्यामुळे ते दिसले म्हणजे संसर्ग असं नाही. उलट पस सेल नसतानाही कल्चर पॉझिटिव्ह येतं. म्हणजे दोन्हीकडून फसगत. नायट्राइटच्या पट्टीवरही भिस्त ठेवू नका. जंतूंनी नायट्राइट बनवायला लघवी चारेक तास मूत्राशयात राहावी लागते, आणि एंटेरोकॉकस किंवा गट-बी स्ट्रेप्टोकॉकस ते बनवतच नाहीत. पट्टी पॉझिटिव्ह आली तर कामाची, निगेटिव्ह आली म्हणून बाई सुटली असं नाही.

---

कळा_आणि_वेळा (स्त्रीरोग व प्रसूती)

लॅबची बाजू वर पूर्ण आली आहे. पुढचं मी लिहितो.

कल्चर एकदा, पहिल्याच भेटीत, शक्यतो १२ ते १६ आठवड्यांत. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत त्रास नसताना जंतू सापडतात, आणि उपचार केला नाही तर त्यांतल्या चौथ्या हिश्शाच्या आसपास बायकांना मूत्रपिंडापर्यंत संसर्ग जाऊन थंडी-ताप येतो. कळा सुरू करून देण्यात त्या तापाचा हात मोठा. उपचाराने तो ताप नक्की घटतो. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही घटतात, पण तो पुरावा त्यामानाने कच्चा आहे, तेवढं प्रामाणिकपणे यादीत लिहा.

औषध संवेदनशीलतेच्या रिपोर्टप्रमाणेच. बहुतेकदा नायट्रोफ्युरँटॉइन चालतं: लांब असराची १०० मिग्रॅ कॅप्सूल, दिवसातून दोनदा, जेवणासोबत, ५ ते ७ दिवस. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते हे आधीच सांगा, नाहीतर बाई घाबरून तिसऱ्या दिवशी बंद करते. ३६ आठवड्यांनंतर आणि जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर नको, रक्तपेशी फुटतात. ताप आणि कमरेच्या वर पाठीत दुखणं असेल तर हे औषध उपयोगाचं नाही. ते मूत्रपिंडात पुरेसं साठत नाही. अशी बाई भरती करूनच बघायची. प्रोटियस जंतूवरही ते चालत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली आणि डॉक्सिसायक्लिन या दिवसांत टाळायची. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर. हे दुसरं कल्चर सगळे विसरतात. गट-बी स्ट्रेप्टोकॉकस आला तर कार्डावर लाल पेनने लिहा, कारण बाळंतपणाच्या वेळी शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागतं, आणि तेव्हा बाई तुमच्यासमोर नसेल.

'सगळ्यांनाच कोर्स द्या, बिघडतं काय?' याचं उत्तर ब्रिटनमधल्या ओरॅकल चाचण्यांत आहे. कळा लवकर सुरू झालेल्या, पण पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) शाबूत असलेल्या बायकांना अँटिबायोटिक देऊन बघितलं. २००१ मध्ये निकाल आला: फायदा नाही. मग ती मुलं सात वर्षांची झाल्यावर तपासली, आणि २००८ मध्ये दिसलं की औषध मिळालेल्या गटात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन येणारं अपंगत्व) जास्त होती. म्हणजे नुसतं वाया जात नाही, बिघडतंही. पाणमोट आधीच फुटलेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ दिवसातून चार वेळा, १० दिवस, याचा उपयोग होतो. पण को-अॅमॉक्सिक्लॅव्ह नको, त्याने बाळाच्या आतड्याला सूज येऊन आतडं सडण्याचा धोका वाढलेला दिसला.

पांढरं जाणं. गरोदरपणात पांढरट, बिनवासाचं, खाज नसलेलं पाणी वाढतंच, त्याला औषध नको. वास, खाज, रंग, जळजळ यांतलं काही असेल तर तपासा. राखाडी, पातळ, मासळीच्या वासाचं पाणी म्हणजे बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. पीएच पेपर योनीच्या बाजूच्या भिंतीला लावा, पिशवीच्या तोंडाच्या चिकट स्रावाला नाही, आणि आदल्या रात्री संबंध आला होता का ते विचारा, वीर्याने आणि रक्ताने पीएच चढतो. ४.५ च्या वर पीएच, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने उठणारा वास, सूक्ष्मदर्शकाखाली क्लू सेल (जंतूंनी वेढलेल्या पेशी) आणि तसं पातळ पाणी, या चारांतली तीन जमली की निदान पक्कं. मेट्रोनिडाझोल ४०० मिग्रॅ दोनदा, ७ दिवस. मात्र त्रास नसलेल्या, आधी काही इतिहास नसलेल्या बाईला शोधून शोधून हा आजार काढायचा नाही. फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत (२०१८) अशा बायकांना क्लिंडामायसिन देऊनही अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली नाहीत.

हिरवं किट जसंच्या तसं देऊ नका. त्यात सेक्निडाझोलसोबत फ्लुकोनॅझोलची गोळी असते, गरोदरपणात ती तोंडाने टाळतात. दह्यासारखं घट्ट पाणी आणि खाज असेल तर क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या, सात रात्री.

सिफिलिसचं किट तुम्ही करताच, पण पॉझिटिव्ह आल्यावर जे होतं ते महत्त्वाचं. हे किट उपचार झाल्यावरही आयुष्यभर पॉझिटिव्ह राहू शकतं, म्हणून आरपीआरचा टायटर (आजार सध्या किती सक्रिय आहे ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) करून घ्या. बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. संसर्ग कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस. बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी उपचार सुरू व्हायला हवा, म्हणून किट पहिल्याच भेटीत. अॅझिथ्रोमायसिनवर भागवू नका, ते बाळापर्यंत भरवशाने पोचत नाही. इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत ताप आणि कळा येऊ शकतात, म्हणून विसाव्या आठवड्यानंतर हे दवाखान्यातच द्यावं. आणि नवऱ्याचीही तपासणी.

टॉर्च पॅनल आधीच्या अपुऱ्या बाळंतपणाचं कारण शोधायला निरुपयोगी. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढंच. त्या पैशांत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजून होते.

आणि माझ्या मते तुमच्या यादीतली सगळ्यात मोठी उणीव तीच आहे. आधीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, चौथ्या-पाचव्या महिन्यात न दुखता झालेला गर्भपात, किंवा पिशवीच्या तोंडावर शस्त्रक्रिया, यांतलं काही असेल तर १६ आठवड्यांपासून २४ पर्यंत दर दोन आठवड्यांनी योनीमार्गे सोनोग्राफी. बाकीच्यांची १८-२० आठवड्यांच्या व्यंग तपासणीच्या वेळी एकदा. पोटावरून, लघवी भरलेली असताना मोजलं तर मूत्राशय दाब देतं आणि तोंड खोटंच लांब दिसतं, तेव्हा चिठ्ठीवर 'योनीमार्गे, मूत्राशय रिकामं' असं लिहून पाठवा. २५ मिमी किंवा कमी आलं तर प्रोजेस्टेरॉन २०० मिग्रॅ रोज रात्री योनीत, ३६ आठवड्यांपर्यंत. आधीचं बाळ ३४ आठवड्यांच्या आत झालेलं असून आता तोंड आखूड असेल तर पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा विचार, २४ आठवड्यांच्या आत. टाका ३६-३७ आठवड्यांना काढायचा असतो, ती तारीख कार्डावर हवी. आठवड्याला टोचायचं १७-ओएचपीसी (प्रोजेस्टेरॉनच्या कुळातलं इंजेक्शन) आता कुणी लिहून दिलं तर विचारा. अमेरिकेत त्याची परवानगी २०२३ मध्ये मागे घेतली गेली, कारण फायदा दिसला नाही.

महिनोन्महिने झोपवून ठेवल्याने बाळंतपण लांबत नाही, पायात गुठळ्या मात्र होतात. सासूबाईंना हे पटवणं टाका घालण्यापेक्षा अवघड.

---

गटप्रवर्तक_शहर

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, पण यातला एकही आकडा तारीख चुकली तर जागेवर बसत नाही. पाळीची तारीख 'संक्रांतीच्या आसपास' असते. म्हणून १२ आठवड्यांच्या आत नोंदणी आणि ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी. त्यावरून निघालेली बाळंतपणाची तारीख कार्डावर पहिल्या पानावर लिहायची आणि नंतरच्या सोनोग्राफीने ती बदलायची नाही. बरेच जण पहिली सोनोग्राफीच सातव्या महिन्यात करून आणतात, बाळ बारीक असलं की त्या रिपोर्टात तारीख पुढे ढकलली जाते, आणि अपुरं की पुरं यातच घोळ होतो.

सोलापुरात आणखी काही विचारायचं. विडी वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन सात-आठ तास बसतात. नळ रोज येत नाही, म्हणून पाणी बेताने पितात, आणि लघवी दाबून धरतात. कारखान्यात संडासाची सोय नसेल तिथे तर मुद्दाम पाणी पीत नाहीत. 'लघवीला जळजळ होते का' याला उत्तर 'नाही' येतं. 'दिवसातून किती वेळा जाता' असं विचारा, 'सकाळी आणि रात्री' हे ऐकायला मिळेल. मशेरी 'तंबाखू खाता का' यात मोडत नाही, ती वेगळी विचारावी लागते. मुंबईत १,२१७ बायकांवर झालेल्या अभ्यासात (२००४) मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि जवळपास सहा दिवस आधी जन्मली होती. विडीची तंबाखू, चुरा झोपायच्या खोलीत ठेवू नये, वळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, एवढं तरी लगेच सांगता येतं.

माहेरपण हा मोठा खड्डा. पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते, अक्कलकोट, मंगळवेढा, नाहीतर सीमेपलीकडे इंडी-विजयपूर. कल्चरचा रिपोर्ट इथे, बाई तिथे. ओटीभरणाची तारीख विचारून ठेवा आणि त्याआधी दुसरं कल्चर, रक्त, सोनोग्राफीचे कागद कार्डाला टाचून द्या. तिथल्या आशाताईचा फोन नंबर आपणच शोधायचा, बाई शोधत नाही.

'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' ही समजूत आपल्या मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्या वस्त्यांत सारखीच आहे. त्यापायी सातव्यात कळा आल्या तरी घरचे थांबतात. उलट आहे: पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसाचा. कळा ओळखायला शिकवताना नुसतं तोंडी सांगत बसू नका. तिचाच पंजा बेंबीच्या वर ठेवायला सांगा: पोट कपाळासारखं कडक होतं, मग गालासारखं मऊ. तासात चार-पाच वेळा असं झालं, कंबर ओढ घेत राहिली, जांघेत भार आला, पाणी किंवा रक्त गेलं, तर १०८ किंवा १०२. 'सकाळी बघू' नको.

---

कळा_आणि_वेळा

बरोबर. आणि गाडी येईपर्यंतचं एक काम एएनएमच्या हातात आहे. २४ ते ३४ आठवडे असताना कळा खऱ्या असतील तर रवाना करण्याआधी बाळाची फुप्फुसं पक्की करणाऱ्या डेक्सामेथासोनचा पहिला डोस: ६ मिग्रॅ, मांडीत खोल स्नायूत. बाटली ४ मिग्रॅ प्रति मिली असते, म्हणजे १.५ मिली. पूर्ण २ मिली ओढू नका. पुढचे तीन डोस बारा-बारा तासांनी, दवाखान्यात. ताप असेल, पाण्याला वास असेल तर द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन. तारीख पक्की नसताना सरसकट देणंही बरं नाही. बेळगाव-नागपूरसह सहा देशांत झालेल्या चाचणीत (२०१५) कमी वजनाच्या बाळांना फायदा झाला नाही, एकूण नवजात मृत्यू आणि आयांमधला संसर्ग वाढलेला दिसला. गटप्रवर्तक ताई तारखेवर एवढा जोर देतात ते त्यासाठीच. पाठवताना नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच पाठवा, आपल्याकडे बहुतेकदा सिव्हिल, आणि आधी फोन करा. बाळ पोटात असताना हलवणं हीच सगळ्यात चांगली काचपेटी.

---

सीएचओ_दक्षिण

खूप आभार. कल्चर पहिल्या भेटीतच आणि गाडी निघताना, मशेरीचा वेगळा रकाना, पिशवीच्या तोंडाची चिठ्ठी, हे यादीत घेतलं. एकच शंका. आमच्या हाताशी थंड जागा म्हणजे लसींचा आयएलआर (लसी ठेवायचा खास फ्रिज). डबे पिशवीत घालून खालच्या बाजूला ठेवले तर?

---

प्लेटवाली

अजिबात नको. लसींच्या आयएलआरमध्ये लसींशिवाय काही ठेवायचं नसतं, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. जुना थर्माकोलचा डबा घ्या, तळाला दोन आइसपॅक, वर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर नमुन्याचे डबे उभे. पॅक थेट टेकले तर लघवी गोठते, मग कल्चर होत नाही. लसीचा कॅरिअर यासाठी वापरू नका, रिकामा असला तरी. लेबलवर नाव, वय, आठवडे आणि नमुना घेतल्याची वेळ लिहा, पाठवल्याची नव्हे. सुरू असलेलं अँटिबायोटिकही लिहा. बॉलपेन वापरा, जेल पेनची शाई ओलाव्याने उतरते. आणि लेबल डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नको. दहा झाकणं एकाच वेळी उघडली की कुठलं कुणाचं ते लॅबमध्येही कळत नाही.